मेव्हनची ‘डिपेंडन्सी सापडत नाही’ ही तक्रार कशी सोडवावी

जावा शिकणारा विद्यार्थी दुसऱ्याने लिहिलेला प्रकल्प प्रथमच आपल्या संगणकावर उतरवून घेतो, टर्मिनलमध्ये मेव्हन या प्रकल्प बांधणाऱ्या साधनाला ‘एमव्हीएन कंपाइल’ अशी आज्ञा देतो, आणि बऱ्याच ओळी सरकून गेल्यावर शेवटी ‘बिल्ड फेल्युअर’ हे दोन शब्द पडद्यावर उरतात. त्यानंतर तो ज्याला विचारेल तो बहुधा एकच उपाय सांगतो: तुझ्या होम फोल्डरातले ‘डॉट एम२’ नावाचे फोल्डर पुसून टाक आणि पुन्हा चालव. हा उपाय अधूनमधून लागू पडतो, म्हणूनच तो टिकून राहिला आहे. पण बहुतेक वेळा शेकडो जार फाइली (जावाच्या तयार कोडच्या गठड्या) नव्याने उतरतात, अर्धा तास जातो आणि तीच एरर त्याच जागी पुन्हा उभी राहते.

याचे कारण असे, की ‘डिपेंडन्सी सापडत नाही’, म्हणजे प्रकल्पाला लागणारी बाहेरची लायब्ररी मिळत नाही, या एका वाक्यामागे तीन निरनिराळ्या तक्रारी असतात आणि त्या तीन वेगवेगळे प्रोग्राम करत असतात. मेव्हन म्हणतो, मला ती जार फाइल कोठेच मिळाली नाही. जावाचा कंपायलर म्हणतो, मला दिलेल्या जार फाइलींत हे पॅकेज नाही. आणि जावाचे व्हर्च्युअल मशीन म्हणते, कंपाइल करताना जो क्लास होता तो चालवताना दिसत नाही. तक्रार कोणाची आहे हे ठरल्याशिवाय एकाही फाइलीला हात लावू नये, असा या लेखाचा आग्रह आहे.

पुढे येणाऱ्या आज्ञा, फाइलींची नावे आणि एररचा मजकूर उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे. संगणकावर तो अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचा, आणि लहान-मोठ्या अक्षरांतला फरक तेथे पाळावाच लागतो.

मेव्हन जार फाइल कोठे शोधतो

मेव्हन हा अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनचा प्रकल्प आहे. त्याचे १.० हे व्हर्जन २००४ साली आले आणि आजही सर्वत्र वापरात असलेली ३ ही मालिका २०१० साली सुरू झाली. मेव्हनच्या प्रत्येक प्रकल्पाच्या मुळाशी ‘पॉम डॉट एक्सएमएल’ नावाची एक फाइल असते आणि प्रकल्पाला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी तीत नोंदवलेल्या असतात. प्रत्येक नोंदीत ग्रुप आयडी, आर्टिफॅक्ट आयडी आणि व्हर्जन अशा तीन गोष्टी असतात. या तिन्ही मिळून त्या लायब्ररीचा पत्ता तयार होतो, आणि पत्त्यात एक अक्षर चुकले तरी मेव्हन अंदाज बांधत नाही; तो सरळ ‘सापडले नाही’ म्हणतो.

हा पत्ता म्हणजे शब्दशः फोल्डरांचा रस्ता असतो, ही गोष्ट नवशिक्यांना सहसा कोणी सांगत नाही. ग्रुप आयडीतल्या प्रत्येक टिंबाच्या जागी तिरकी रेघ घातली, त्यापुढे आर्टिफॅक्ट आयडी आणि व्हर्जन जोडले, की जार फाइलीचे फोल्डर मिळते. ‘ऑर्ग.अपाचे.कॉमन्स’ हा ग्रुप, ‘कॉमन्स-लँग३’ हे आर्टिफॅक्ट आणि ‘३.१२.०’ हे व्हर्जन असेल, तर आपल्या संगणकावर ‘डॉट एम२’मधील ‘रिपॉझिटरी’ या फोल्डरात ऑर्ग, त्याच्या आत अपाचे, त्याच्या आत कॉमन्स, मग कॉमन्स-लँग३ आणि शेवटी ३.१२.० अशी फोल्डरे दिसतात. मेव्हन प्रथम येथे पाहतो. येथे जार नसेल, तर तो इंटरनेटवरच्या रिपॉझिटरीकडे, म्हणजे जार फाइलींच्या साठ्याकडे, जातो. पॉम फाइलीत किंवा सेटिंग्जमध्ये दुसरी कोणती सांगितलेली नसेल तर ती ‘मेव्हन सेंट्रल’ असते. तेथेही फोल्डरांची रचना तंतोतंत हीच आहे, त्यामुळे ‘रेपो१.मेव्हन.ऑर्ग’ या ठिकाणी ‘मेव्हन२’ या फोल्डरात जाऊन ब्राउझरमधून कोणालाही एकेक फोल्डर उघडून पाहता येते.

या साध्या गोष्टीतून एक फार उपयोगी चाचणी मिळते. मेव्हनला न सापडलेली जार ब्राउझरमध्ये त्याच पत्त्यावर दिसत असेल, तर पत्ता बरोबर आहे आणि दोष आपल्या नेटवर्कमध्ये, सेटिंग्जमध्ये किंवा मेव्हनने लक्षात ठेवलेल्या जुन्या अपयशात आहे. ब्राउझरमध्येही ती दिसत नसेल, तर पत्ता चुकला आहे किंवा ती लायब्ररी मुळातच दुसऱ्या रिपॉझिटरीत ठेवलेली आहे. अशा वेळी ‘डॉट एम२’ दहा वेळा पुसले तरी काही फरक पडणार नाही.

एरर वाचण्याची रीत

मेव्हनच्या मजकुरातल्या शेवटच्या सात-आठ ओळी सर्वांत आधी नजरेस पडतात आणि त्याच सर्वांत कमी उपयोगाच्या असतात, कारण ‘अधिक माहितीसाठी अमुक पर्याय द्या’ एवढेच त्या सांगतात. वर सरकत जाऊन ‘एरर’ हा शब्द ज्या ओळीत पहिल्यांदा आला असेल ती ओळ शोधावी आणि पूर्ण वाचावी.

त्या ओळीत ‘कुड नॉट रिझॉल्व्ह डिपेंडन्सीज’ किंवा ‘कुड नॉट फाइंड आर्टिफॅक्ट’ असे शब्द असतील, तर तक्रार मेव्हनची आहे. कंपायलरला अजून कामाला लावलेलेच नाही, म्हणून आपल्या जावा फाइलींमध्ये चूक शोधत बसण्यात अर्थ नाही. ‘कंपायलेशन एरर’ आणि त्याखाली ‘पॅकेज अमुक डझ नॉट एक्झिस्ट’ अशा ओळी असतील, तर तक्रार कंपायलरची आहे. पॉम फाइलीत नोंदवलेल्या सगळ्या जार मेव्हनने मिळवून दिल्या आहेत, पण हवी ती त्यांत नाही. कंपायलर एका दमात कमाल १०० एरर छापतो, आणि एक जार नसली तरी त्या जारमधले क्लास जेथे जेथे वापरले आहेत तेथे तेथे ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’ अशी वेगळी तक्रार येते. तो आकडा पाहून घाबरून जाऊ नये. आधी ‘पॅकेज’ या शब्दाच्या तक्रारी मिटवाव्यात. बाकीच्या बहुतेक त्यांच्यासोबतच निघून जातात.

तक्रार मेव्हनची असेल तेव्हा

येथे पहिला संशय पत्त्यावर घ्यावा. वर आलेले कॉमन्स-लँग हेच उदाहरण शिकण्यासारखे आहे. या लायब्ररीची २.६ पर्यंतची व्हर्जने ‘कॉमन्स-लँग’ या ग्रुप आयडीखाली आणि त्याच नावाच्या आर्टिफॅक्टखाली आहेत, तर ३ पासून पुढची ‘ऑर्ग.अपाचे.कॉमन्स’ या ग्रुपखाली ‘कॉमन्स-लँग३’ या नावाने आहेत. जुन्या लेखातून नोंद उचलली आणि केवळ व्हर्जनचा आकडा बदलून ३.१२.० केला, तर असा पत्ता जगात कोठेच अस्तित्वात नसतो. गुआवा या लायब्ररीच्या बाबतीत निराळीच गंमत आहे: तिच्या अलीकडच्या व्हर्जनांच्या शेवटी ‘-जेआरई’ किंवा ‘-अँड्रॉइड’ असे शेपूट असते, म्हणून ‘३१.१’ एवढेच लिहिले तर ती सापडत नाही आणि ‘३१.१-जेआरई’ लिहिले की लगेच उतरते. मायएसक्यूएलच्या जावा कनेक्टरचा पत्ता २०२२ साली ८.०.३१ या व्हर्जनपासून बदलला. पूर्वी ग्रुप नुसता ‘मायएसक्यूएल’ होता, आता तो ‘कॉम.मायएसक्यूएल’ झाला आहे आणि आर्टिफॅक्टचे नाव ‘मायएसक्यूएल-कनेक्टर-जे’ असे आखूड झाले आहे. म्हणून पत्ता आठवणीतून किंवा चार-पाच वर्षांपूर्वीच्या धड्यातून न लिहिता मेव्हन सेंट्रलच्या शोधपेटीतून नकलून घ्यावा. पॉम फाइल ही शुद्धलेखनाची परीक्षा देण्याची जागा नव्हे.

कधी कधी मेव्हन म्हणतो की अमुक डिपेंडन्सीचे व्हर्जनच दिलेले नाही. स्प्रिंग बूट या जावाच्या चौकटीवरच्या प्रकल्पातून नोंदी उचलणाऱ्यांना ही एरर हमखास भेटते, कारण तेथे व्हर्जनचे आकडे पॉम फाइलीच्या ‘पेरेंट’ विभागातून येत असतात आणि प्रत्येक नोंदीत ते लिहिण्याची गरज नसते. नोंद आपल्या फाइलीत आणली पण तो पेरेंट आणला नाही, की व्हर्जन सांगणारे कोणी उरत नाही.

पत्ता बरोबर असल्याची ब्राउझरमधून खात्री झाली आणि तरीही मेव्हन ऐकत नसेल, तर एररच्या मजकुरात अपयश ‘कॅश’ केल्याचा उल्लेख आहे का ते पाहावे. एखादी जार न सापडल्यास मेव्हन तिच्या फोल्डरात ‘लास्टअपडेटेड’ या शेपटाची एक छोटी फाइल लिहून ठेवतो आणि ठरावीक मुदत, सामान्यतः एक दिवस, संपेपर्यंत पुन्हा चौकशीच करत नाही. सकाळी कोणीतरी रिपॉझिटरीत जार चढवायला विसरले, दुपारी त्याने ती चढवली, आणि आपल्या संगणकावर मात्र संध्याकाळपर्यंत जुनीच एरर येत राहिली, असा प्रकार यातून होतो. उपाय सोपा आहे. आज्ञेत ‘वजा मोठे यू’ हा पर्याय जोडून ‘एमव्हीएन -यू कंपाइल’ असे चालवावे. मेव्हन जुने अपयश विसरून नव्याने विचारणा करतो.

जार अर्धवट उतरली असेल तर कंपायलर ‘एरर रीडिंग’ असे म्हणून त्या जारचे नाव घेतो आणि पुढे झिप फाइलीचा शेवट सापडत नसल्याचे सांगतो. नेटवर्क मध्येच तुटल्यावर असे होते. येथे फोल्डर पुसण्याचा उपाय योग्य आहे, मात्र त्या एका व्हर्जनचे फोल्डर तेवढे पुसावे. ‘डॉट एम२’ संपूर्ण उडवू नये, कारण नोकरीच्या ठिकाणी त्याच फोल्डरात ‘सेटिंग्ज डॉट एक्सएमएल’ ही फाइल असते आणि तीत कंपनीच्या अंतर्गत रिपॉझिटरीचा पत्ता, प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाण्याच्या वाटेवरचा मध्यस्थ सर्व्हर) आणि पासवर्ड असतात. ती गेली की पहिली अडचण बाजूला राहते आणि त्याहून मोठी समोर येते.

लायब्ररी मेव्हन सेंट्रलवर नसेल तर तिची रिपॉझिटरी पॉम फाइलीत किंवा सेटिंग्जमध्ये सांगावी लागते. येथे दोन जुने सापळे आहेत. जेसेंटर ही एके काळी फार वापरली जाणारी रिपॉझिटरी बंद करण्याची घोषणा २०२१ साली झाली, पण तिचा पत्ता असंख्य जुन्या प्रकल्पांत तसाच पडून आहे. तो काढून टाकून त्या लायब्ररी सेंट्रलवर शोधाव्यात. दुसरा सापळा सुरक्षित नसलेल्या पत्त्यांचा आहे. मेव्हन सेंट्रलने १५ जानेवारी २०२० पासून साध्या ‘एचटीटीपी’ने जार देणे थांबवले, आणि मेव्हनच्या ३.८.१ या व्हर्जनपासून मेव्हन स्वतःच अशा बाहेरच्या पत्त्यांना अडवतो. एररमध्ये ‘मेव्हन-डीफॉल्ट-एचटीटीपी-ब्लॉकर’ असे नाव दिसले, तर रिपॉझिटरीच्या पत्त्यात ‘एचटीटीपी’च्या जागी ‘एचटीटीपीएस’ लिहिल्याने काम होते का ते प्रथम पाहावे. तो पत्ता आपल्या फाइलीत नसून एखाद्या जुन्या लायब्ररीच्या पॉममधून येत असेल, तर त्या लायब्ररीचे नवे व्हर्जन घेणे हाच सरळ मार्ग. ही अडवणूक बंद कशी करावी याच्या युक्त्याही सुचवल्या जातात. त्या न वापरणे बरे, कारण वाटेत कोणी जार बदलून ठेवली तर ती ओळखण्याचे साधन आपल्यापाशी राहत नाही.

रिपॉझिटरी ओळख मागत असेल तर एररमध्ये ४०१ किंवा ४०३ हा आकडा येतो. गिटहबची पॅकेज सेवा तर सार्वजनिक मेव्हन पॅकेजसाठीही टोकन मागते. टोकन सेटिंग्ज फाइलीच्या ‘सर्व्हर’ विभागात लिहायचे असते, आणि तेथला आयडी व रिपॉझिटरीच्या नोंदीतला आयडी अक्षरशः एकच असावा लागतो. हे दोन आयडी जुळत नसतील तर मेव्हन टोकन पाठवतच नाही आणि पासवर्ड बरोबर असूनही नकार येत राहतो.

कार्यालयातल्या किंवा महाविद्यालयातल्या नेटवर्कवर ‘कुड नॉट ट्रान्स्फर आर्टिफॅक्ट’ अशी एरर येत असेल आणि घरी तोच प्रकल्प सुरळीत उतरत असेल, तर प्रॉक्सीचा विचार करावा. ब्राउझरला प्रॉक्सी ठाऊक असते म्हणून ब्राउझरमध्ये सगळे दिसते. मेव्हनला ती सेटिंग्ज फाइलीत वेगळी सांगावी लागते. एररमध्ये ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ असे शब्द असतील तर मामला प्रमाणपत्राचा आहे: मधली यंत्रणा सुरक्षित वाहतूक उघडून तपासते आणि स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करते, जे जावाच्या विश्वासू प्रमाणपत्रांच्या यादीत नसते. नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडून ते प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि जावासोबत येणाऱ्या ‘कीटूल’ या साधनाने त्या यादीत भरावे. संगणकावर जावाची दोन-तीन व्हर्जने असतील तर मेव्हन त्यांतले कोणते वापरतो हे ‘एमव्हीएन -व्ही’ या आज्ञेने आधी पाहून घ्यावे. भलत्याच जावात प्रमाणपत्र भरून दिवस घालवल्याचा अनुभव माझ्याही गाठीशी आहे.

आणखी एक प्रकार राहिला, तो ओळखायला सर्वांत सोपा. न सापडलेल्या आर्टिफॅक्टच्या नावात आपल्याच प्रकल्पाचा ग्रुप आयडी असेल आणि व्हर्जनच्या शेवटी ‘स्नॅपशॉट’ असेल, तर ती जार इंटरनेटवर कोठेच नाही. ती शेजारच्या मॉड्यूलमधून, म्हणजे त्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या भागातून, तयार व्हायची आहे. अनेक मॉड्यूलांच्या प्रकल्पात एकाच उपफोल्डरात जाऊन बिल्ड चालवला की असे होते. मुळाच्या फोल्डरात यावे आणि ‘-पीएल’ या पर्यायापुढे हव्या त्या मॉड्यूलचे नाव देऊन सोबत ‘-एएम’ हा पर्याय जोडावा. त्या मॉड्यूलला लागणारी बाकीची मॉड्यूले मेव्हन योग्य क्रमाने आधी बांधून घेतो.

तक्रार कंपायलरची असेल तेव्हा

‘पॅकेज अमुक डझ नॉट एक्झिस्ट’ या तक्रारीत पॅकेजचे नाव दिलेले असते, पण ते पॅकेज कोणत्या जारमध्ये आहे हे कंपायलरला माहीत नसते. पॅकेजच्या नावावरून ग्रुप आयडीचा अंदाज येतो, परंतु दोन्ही नेहमी जुळतातच असे नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे क्लासच्या पूर्ण नावाने शोधणे. येथेही कॉमन्स-लँगकडे पाहावे: इम्पोर्टच्या ओळीत ‘लँग३’ असेल तर नवी लायब्ररी हवी, नुसते ‘लँग’ असेल तर जुनी. पॉम फाइलीत एक आणि इम्पोर्टमध्ये दुसरे असेल, तर मेव्हन खूश आणि कंपायलर नाराज अशी स्थिती होते.

पॉम फाइलीत नोंद डोळ्यांना दिसते आहे आणि तरीही पॅकेज नाही म्हणतो, असे झाल्यास ती नोंद कोणत्या विभागात आहे ते पाहावे. ‘डिपेंडन्सी मॅनेजमेंट’ या विभागातली नोंद फक्त ‘ही लायब्ररी कोणी मागितली तर हे व्हर्जन द्या’ एवढेच सांगते. लायब्ररी प्रत्यक्ष मागण्याचे काम त्याबाहेरच्या ‘डिपेंडन्सीज’ विभागातून करावे लागते. नवशिक्यांच्या चुकांत मी ही चूक फार वरच्या क्रमांकावर ठेवीन, कारण दोन्ही विभाग दिसायला सारखे असतात आणि मेव्हन त्याबद्दल साधी सूचनाही देत नाही.

त्यानंतर स्कोप, म्हणजे लायब्ररी कोणत्या टप्प्यावर मिळावी हे सांगणारी नोंद, पाहावा. ‘टेस्ट’ स्कोपची लायब्ररी फक्त चाचण्यांच्या फोल्डरातल्या फाइलींना मिळते, त्यामुळे जेयूनिट या चाचण्यांच्या लायब्ररीचा एखादा क्लास चुकून मुख्य फोल्डरातल्या फाइलीत इम्पोर्ट झाला तर कंपायलर अडतो. ‘रनटाइम’ स्कोपची लायब्ररी कंपाइल करताना दिलीच जात नाही. जेयूनिटच्या बाबतीत पिढ्यांचाही घोळ असतो: चौथ्या पिढीचे क्लास ‘ऑर्ग.जेयूनिट’ या पॅकेजात आहेत, तर पाचव्या पिढीचे ‘ऑर्ग.जेयूनिट.ज्युपिटर.एपीआय’मध्ये, आणि दोघांची आर्टिफॅक्टही वेगळी आहेत.

काल चालणारा कोड आज एखाद्या लायब्ररीचे व्हर्जन वाढवल्यावर कंपाइल होईनासा झाला, आणि न सापडलेले पॅकेज भलत्याच लायब्ररीचे आहे, हा प्रकार जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे. आपण पॉममध्ये ‘क’ या लायब्ररीची नोंद करतो आणि ‘क’ला स्वतःसाठी ‘ख’ लागते, म्हणून मेव्हन ‘ख’देखील आणतो. ‘ख’ हाताशी असल्याने आपण तिचे क्लास बिनदिक्कत वापरू लागतो, पण आपल्या पॉम फाइलीत तिचे नाव नसते. पुढे ‘क’च्या लेखकांनी ‘ख’ वापरणे सोडले, की आपल्या पायाखालची फळी निघते. चूक त्यांची नसते. उसन्या वस्तूची आपण नोंद केलेली नव्हती. यासाठी ‘एमव्हीएन डिपेंडन्सी:ट्री’ ही आज्ञा चालवावी. कोणती लायब्ररी कोणामुळे आली याचा पूर्ण वृक्ष ती छापते, आणि ‘-डीइन्क्लूड्स’ या पर्यायात ग्रुप व आर्टिफॅक्टचे नाव दिले तर तेवढीच फांदी दाखवते. ‘एमव्हीएन डिपेंडन्सी:अ‍ॅनलाइझ’ ही तिची भावंड आज्ञा ‘वापरलेल्या पण न नोंदवलेल्या’ लायब्ररींची यादी देते. ती तयार क्लास फाइली वाचून काम करत असल्याने प्रकल्प आधी कंपाइल व्हावा लागतो. म्हणजे सगळे सुरळीत असतानाच ती महिन्यातून एकदा चालवून, यादीत आलेल्या नोंदी आपल्या पॉममध्ये उघडपणे लिहून ठेवाव्यात.

जावाच्या व्हर्जनामुळे येणारी तक्रार याहून निराळी, कारण तेथे हरवलेली गोष्ट पूर्वी लायब्ररी नव्हतीच. जावा ८ पर्यंत ‘जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड’ हे पॅकेज जावासोबतच येत असे. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून ते काढून टाकण्यात आले. त्यामुळे जुना प्रकल्प नव्या जावावर कंपाइल केला की हे पॅकेज ‘नाही’ असे उत्तर येते, आणि आता ते पॉममधून मागवावे लागते. त्यातही मेख आहे. ‘जकार्ता.एक्सएमएल.बाइंड-एपीआय’ या आर्टिफॅक्टच्या २.३.३ या व्हर्जनात पॅकेजचे नाव जुनेच, म्हणजे ‘जावाएक्स’ने सुरू होणारे आहे, ३.० पासून ते ‘जकार्ता’ने सुरू होते. जुना कोड न बदलता चालवायचा असेल तर २.३ ची मालिका घ्यावी, आणि चालवताना लागणारी ‘जॅक्सबी-रनटाइम’ ही जारदेखील त्याच मालिकेतली घ्यावी. हाच नामबदल जकार्ता ईई ९ या जावाच्या मानकसंचाने २०२० साली सर्व्हलेट, पर्सिस्टन्स वगैरे सगळ्या पॅकेजांना लागू केला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ ने तो स्वीकारला. म्हणून स्प्रिंग बूट २ चा कोड ३ वर नेल्यावर ‘जावाएक्स.पर्सिस्टन्स’ सापडत नसेल, तर जुनी जार शोधून चिकटवू नये. इम्पोर्टच्या ओळी बदलाव्यात.

टर्मिनलमध्ये बिल्ड यशस्वी होतो पण इंटेलिजे किंवा इक्लिप्स या कोड लिहिण्याच्या संपादकांत लाल रेघा दिसतात, अशा वेळी डिपेंडन्सीचा प्रश्नच नसतो. संपादकाने पॉम फाइल पुन्हा वाचलेली नसते. त्याला मेव्हन प्रकल्प पुन्हा लोड करायला सांगावे. उलट प्रकार, म्हणजे संपादकात चालते पण टर्मिनलमध्ये अडते, जास्त काळजीचा आहे, कारण कोणीतरी जार हाताने संपादकात जोडलेली असण्याची शक्यता असते.

कंपाइल झाले, पण चालत नाही

‘नो क्लास डेफ फाउंड’ किंवा ‘नो सच मेथड’ या एरर कंपाइलनंतरच्या आहेत, तरी त्यांचे मूळ अनेकदा त्याच पॉम फाइलीत असते. एकाच लायब्ररीची दोन व्हर्जने दोन वेगळ्या वाटांनी मागितली गेली, तर मेव्हन सर्वांत नवे व्हर्जन निवडतो असा सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रत्यक्षात तो आपल्या प्रकल्पापासून कमी पायऱ्यांवर असलेले व्हर्जन निवडतो, आणि अंतर सारखे असेल तर पॉममध्ये जी नोंद आधी आली तिच्या वाटेचे. त्यामुळे जुने व्हर्जन जवळ आणि नवे लांब असेल तर जुने जिंकते, आणि नव्यातली मेथड चालवताना गायब दिसते. डिपेंडन्सी ट्रीच्या आज्ञेला ‘-डीव्हर्बोज’ जोडले की कोणते व्हर्जन संघर्षात वगळले गेले ते ओळीशेजारी लिहून येते. हवे ते व्हर्जन ‘डिपेंडन्सी मॅनेजमेंट’मध्ये लिहून टाकले की वाद मिटतो, त्या विभागाचा खरा उपयोग हाच.

हाताने मिळालेली जार

कोणत्याच रिपॉझिटरीत नसलेली, एखाद्या विक्रेत्याने ईमेलने पाठवलेली जार वापरायची वेळ आली तर ‘एमव्हीएन इन्स्टॉल:इन्स्टॉल-फाइल’ या आज्ञेला फाइल, ग्रुप, आर्टिफॅक्ट, व्हर्जन आणि पॅकेजिंग हे पाच पर्याय द्यावेत. जार आपल्या स्थानिक रिपॉझिटरीत योग्य फोल्डरात जाऊन बसते. ‘सिस्टम’ स्कोप देऊन जारचा थेट पत्ता पॉममध्ये लिहिण्याची सोयही आहे, पण मेव्हनचे कर्तेच ती वापरू नका म्हणतात. स्थानिक रिपॉझिटरीत बसवलेली जार मात्र फक्त आपल्याच संगणकावर असते. एका ठिकाणी काम करताना आमच्या संघाचा प्रकल्प दोन वर्षे व्यवस्थित बांधला जात होता. एका सहकाऱ्याचा लॅपटॉप बदलल्यावर लक्षात आले, की एक जार केवळ जुन्या यंत्रांवर होती, ती कोठून आली हे कोणालाही आठवत नव्हते आणि पॉममधला तिचा पत्ता कोणीतरी मनानेच ठरवलेला होता. संघात काम असेल तर अशी जार सर्वांच्या सामायिक रिपॉझिटरीत चढवावी, आणि ती कोठून मिळाली हे पॉम फाइलीत तिच्या नोंदीशेजारी टिपणीत लिहावे.

असे काही लपून राहिले आहे का, हे तपासण्यासाठी मात्र कोरी रिपॉझिटरी खरोखर उपयोगी पडते, आणि त्यासाठी काहीच पुसावे लागत नाही. ‘एमव्हीएन’ या आज्ञेला ‘-डीमेव्हन.रेपो.लोकल’ हा पर्याय जोडून त्यापुढे एखाद्या नव्या, रिकाम्या फोल्डराचा पत्ता द्यावा आणि ‘व्हेरिफाय’ चालवावे. मेव्हन त्या फोल्डरालाच आपली स्थानिक रिपॉझिटरी मानतो आणि प्रत्येक जार नव्याने मागवतो. बिल्ड अडला तर ज्या जारवर अडला ती आपल्या यंत्राबाहेर कोणालाही मिळणार नाही असे समजावे. पार पडला तर ते तात्पुरते फोल्डर पुसावे आणि प्रकल्प सहकाऱ्याकडे पाठवावा.